खिडकीतून आलेली थैली

पातारा नावाच्या बंदरात एक गृहस्थ राहत होता आणि त्याचे दिवस फिरले होते. घरात तीन उपवर मुली, गाठीला दमडी नाही आणि हुंड्याशिवाय लग्न जमण्याची आशा नाही. तेव्हा मुलींना कुंटणखान्यात पाठवण्यावाचून आपल्यापुढे दुसरा मार्ग नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. शेजारी एक तरुण होता. त्याचे आईवडील वारले होते आणि त्यांची सारी इस्टेट त्याच्याकडे आली होती. त्याच्या कानावर ही हकीकत गेली, तेव्हा एका रात्री त्याने सोन्याने भरलेली थैली त्या घराच्या खिडकीतून आत टाकली आणि तो निघून गेला. थोरलीचे लग्न झाले. काही काळाने दुसरी थैली आली, मधलीचे झाले. तिसऱ्या खेपेला बाप जागाच राहिला; थैली जमिनीवर पडल्याचा आवाज ऐकताच तो बाहेर धावला आणि अंधारात त्या तरुणाला गाठून त्याने त्याचे पाय धरले. तरुणाने त्याला एकच अट घातली : मी जिवंत आहे तोवर हे कोणाला सांगायचे नाही.

हा तरुण म्हणजे पुढे मायरा शहराचा बिशप झालेला निकोलस. सांताक्लॉजच्या वंशवेलीचे मूळ शोधत मागे मागे गेले की हाताला लागते ती हीच गोष्ट. पातारा आणि मायरा ही दोन्ही गावे लिशिया प्रांतातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरची. ज्या ग्रीक चरित्रात ही गोष्ट सविस्तर येते ते मायकेल नावाच्या मठाधिपतीने नवव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे निकोलसनंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी लिहिले. युरोपातल्या आजच्या वाचकाला ती सांगताना त्या बापाची अडचण उलगडून सांगावी लागते. मराठी वाचकाला त्यासाठी तळटीप लागत नाही. आणि निकोलसने घातलेली अटही आपल्याला चटकन कळते, कारण आपल्याकडे देवळातल्या पेटीवर ‘गुप्तदान’ असे लिहिलेले असते आणि त्याच देवळाच्या पायऱ्यांवर, भिंतीवरच्या घड्याळावर आणि पंख्याच्या पात्यांवरही देणगीदारांची नावे रंगवलेली असतात.

रात्रीची वेळ, झोपलेले घर, चोरपावलांनी येऊन काहीतरी ठेवून जाणारा माणूस, हे सगळे या गोष्टीत आहे. जे नाही, तेही पाहण्यासारखे आहे. त्या मुली गुणी होत्या की आळशी, आज्ञाधारक होत्या की उलट बोलणाऱ्या, याची कोणी चौकशी केलेली नाही. बाप तर अत्यंत वाईट कृत्य करायला निघाला होता, आणि त्यालाही निकोलसने चार खडे बोल सुनावल्याचे गोष्टीत ठळकपणे येत नाही. गरज होती म्हणून दिले, एवढाच त्या देण्याचा आधार. सांताक्लॉजच्या इतिहासात पुष्कळांना रस असतो तो त्याच्या लाल कोटाचा, हरणांचा किंवा धुराड्याचा. मला मात्र कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचे : काहीही न विचारता देऊन जाणाऱ्या या माणसाच्या हातात मुलांच्या वागणुकीच्या हिशेबाची वही केव्हा आली, आणि का आली?

इतिहासातला निकोलस फारच थोडा आहे. तो चौथ्या शतकातला. परंपरा त्याच्या मृत्यूचा दिवस ६ डिसेंबर आणि साल ३४३च्या आसपासचे सांगते. त्याने लिहिलेली एक ओळ उरलेली नाही, त्याच्या काळातल्या कोणी त्याच्याविषयी लिहिलेले नाही, आणि ३२५ सालच्या निकीयाच्या धर्मपरिषदेला हजर असलेल्यांच्या काही याद्यांत त्याचे नाव आहे, काहींत नाही. त्याच्याविषयीची सर्वांत जुनी कथा भेटवस्तूंची नाहीच. लाचखाऊ अधिकाऱ्यांच्या कारस्थानामुळे तीन निरपराध सेनाधिकाऱ्यांना मृत्युदंड ठोठावला जातो, तेव्हा निकोलस सम्राट कॉन्स्टंटाइनच्या स्वप्नात जाऊन त्याला दटावतो आणि त्यांना सोडवतो, अशी ती कथा आहे. पुढे वादळात सापडलेल्या गलबतांना तो तारून नेऊ लागला, दुष्काळात मायऱ्यासाठी धान्याची जहाजे अडवू लागला. थोडक्यात, शतकानुशतके तो खलाशांचा आणि अडल्यानडल्यांचा संत होता; मुलाबाळांशी त्याचा विशेष संबंध नव्हता. तो संबंध जुळला तो मध्ययुगात, फ्रान्सकडे, आणि तोही एका भयंकर कथेतून. एक खाटीक तीन मुलांना मारून खारवणाच्या पिंपात घालतो आणि निकोलस येऊन त्यांना जिवंत उठवतो. त्या तीन सेनाधिकाऱ्यांची चित्रे पाहून ही कथा कोणीतरी रचली असावी, असा एक तर्क आहे. संत मोठा आणि सुटका होणारे छोटे दाखवायची चित्रकारांची रीतच होती, त्यामुळे पुढच्या पिढ्यांनी त्या तिघांना मुले समजून घेतले असेल, तर त्यात नवल वाटायला नको.

मायऱ्यातून तो युरोपात कसा पोहोचला, ती कथा चोरीची आहे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्जुक तुर्कांनी आशिया मायनरचा मोठा भाग घेतला होता आणि मायऱ्याच्या चर्चमधल्या त्या समाधीवर इटलीतल्या दोन बंदरांचा डोळा होता : बारी आणि व्हेनिस. मोठ्या संताच्या अस्थी गावात असणे म्हणजे यात्रेकरू, व्यापार आणि प्रतिष्ठा. बारीच्या खलाशांनी बाजी मारली. त्यांनी समाधी फोडली, अस्थी गोळा केल्या आणि ९ मे १०८७ रोजी त्या बारीला उतरवल्या. दोनच वर्षांनी पोप दुसरा अर्बन स्वतः तिथे येऊन त्या अस्थींची विधिवत स्थापना करून गेला, म्हणजे चोरीच्या मालाला शिक्कामोर्तब मिळाले. मागे राहिलेले तुकडे काही वर्षांनी व्हेनिसच्या लोकांनी उचलून नेले. बारीत आजही दर मे महिन्यात त्या समाधीत साचणारे स्वच्छ पाणी काढण्याचा सोहळा होतो आणि भाविक ते तीर्थ म्हणून घरी नेतात.

बारीतून निकोलस उत्तरेकडे पसरला तो मुख्यतः व्यापारी मार्गांनी आणि बंदराबंदरांतून. अ‍ॅमस्टरडॅमने त्याला आपला रक्षक संत मानले. ६ डिसेंबर हा त्याचा दिवस आणि आदली संध्याकाळ ही मुलांची, असे ठरत गेले. आणि इथेच ती वही दिसू लागते. मठांच्या शाळा, धर्मशिक्षण, प्रार्थना पाठ आहेत की नाहीत याची तपासणी, या सगळ्या व्यवस्थेला वर्षातून एकदा येणारा आणि सर्व जाणणारा बिशप फार सोयीचा होता. बक्षीस आले की शिक्षाही आली. परंतु संताने स्वतः छडी उगारणे शोभले नसते, म्हणून शिक्षेचे खाते वेगळे काढून दुसऱ्याकडे सोपवले गेले. आल्प्सच्या खोऱ्यांत शिंगे, केसाळ कातडी आणि साखळदंड घेऊन क्राम्पुस त्याच्यामागे चालू लागला, जर्मन मुलखात क्नेख्त रुप्रेख्त, फ्रान्सच्या पूर्व भागात चाबूकवाला पेर फुएतार. साहेब हसून पेढा देतात आणि दम द्यायला शिपायाला पुढे करतात, ही कामाची वाटणी आपल्यालाही परकी नाही.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये यान स्टेन या चित्रकाराने १६६५ ते १६६८च्या दरम्यान काढलेले एक चित्र आहे. त्यात ६ डिसेंबरची सकाळ आहे आणि एका घरातली सगळी माणसे एका खोलीत जमली आहेत. मध्यभागी एक लहान मुलगी बाहुली उराशी धरून उभी आहे. आई तिच्याकडे हात पसरून ती मागते आहे आणि मुलगी अंग चोरून घेते आहे. तिच्या हातातली छोटी बादली खाऊने भरलेली आहे. डावीकडे तिचा मोठा भाऊ डोळे पुशीत रडतो आहे, कारण त्याच्या बुटात खाऊ नाही, काटक्यांची छडी आहे. तो बूट उचलून सगळ्यांना दाखवणारी बहीण हसते आहे, धाकटा भाऊ बोट दाखवून हसतो आहे. मागे एका मोठ्या मुलाच्या कडेवर तान्हे बाळ आहे आणि तो त्याला धुराड्याकडे दाखवतो आहे : तो वरून आला होता, बघ. जमिनीवर पाव आणि वॅफलची टोपली आहे, मेजाला टेकवून ठेवलेला चौकटीच्या आकाराचा सणाचा मोठा पाव आहे. त्या चित्रापुढे मी उभी राहिले तेव्हा माझी नजर राहून राहून अगदी मागे गेली. तिथे आजी पलंगाच्या पडद्याशी उभी आहे आणि बोटाने त्या रडणाऱ्या नातवाला खुणावते आहे. पडद्यामागे त्याच्यासाठी काहीतरी ठेवलेले असावे, हे उघड आहे. संताच्या वहीत नापास झालेल्याला पास करून घेणारी आजी सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्येही होतीच.

हे चित्र ज्या काळात काढले गेले त्या काळात हॉलंड प्रॉटेस्टंट होते आणि संतांची पूजा ही तिथल्या धर्मगुरूंच्या मते अंधश्रद्धा होती. काही नगरसभांनी निकोलसच्या आकाराच्या बिस्किटांवर आणि बाहुल्यांच्या विक्रीवर बंदी घातली, पण घराघरांतला सण बंद झाला नाही. जर्मनीत मार्टिन लूथरच्या अनुयायांनी वेगळी वाट धरली. भेटवस्तू संताकडून न येता बाळ ख्रिस्ताकडून नाताळच्या वेळी येतात, असे मुलांना सांगितले जाऊ लागले. भेटीचा दिवस ६ वरून २४ डिसेंबरकडे सरकला तो असा. इंग्लंडमध्ये फादर ख्रिसमस नावाचा एक दाढीवाला म्हातारा होता, पण तो खाण्यापिण्याचा आणि मोठ्यांच्या मौजेचा प्रतिनिधी. मुलांना वस्तू वाटणे हे त्याचे काम नव्हते.

माझी धाकटी बहीण अ‍ॅमस्टरडॅमशेजारच्या आम्स्टलफेनला राहते. त्या गावात भारतीय कुटुंबे इतकी आहेत की किराणा दुकानात मराठी ऐकू येणे ही काही बातमी नव्हे. नोव्हेंबरच्या मध्यावर सिंटरक्लास, म्हणजे निकोलसचाच डच अवतार, आगबोटीतून हॉलंडला ‘येतो’, तो स्पेनहून येतो अशी समजूत आहे, आणि मग ५ डिसेंबरपर्यंत मुले अधूनमधून रात्री बूट बाहेर ठेवतात. बहिणीच्या घरी धुराडे नाही, त्यामुळे बूट ठेवला जातो हीटरपाशी. मी तिच्याकडे होते तेव्हा सहा वर्षांच्या भाच्याने बुटात सिंटरक्लासच्या पांढऱ्या घोड्यासाठी गाजर ठेवले आणि हीटरकडे तोंड करून डच गाणे म्हटले. सकाळी गाजराच्या जागी एक संत्रे, मसाल्याची चिमुकली बिस्किटे आणि त्याच्या नावाच्या आद्याक्षराचे चॉकलेट होते. त्या आठवड्यात मेव्हण्यांच्या कंपनीत मुलांसाठी कार्यक्रम होता. सिंटरक्लास उंच टोपी आणि दंड सांभाळत खुर्चीवर बसला, त्याने मांडीवर लाल रंगाचे एक भलेमोठे पुस्तक उघडले आणि भाच्याला जवळ बोलावून वाचले, की तू पोहायला न घाबरता शिकलास हे फार छान, पण जेवायला बसल्यावर खेळणी हातातून सुटत नाहीत असे दिसते. पोराचे डोळे विस्फारले. “मावशी, त्याला कसं कळलं?” असे त्याने मला मराठीत, पण कुजबुजत विचारले, बहुधा सिंटरक्लासला मराठीही येत असेल या भीतीने. त्याच्या आईने पंधरा दिवसांपूर्वी कंपनीने पाठवलेला अर्ज भरला होता. त्यात मुलाचे कौतुक करण्यासारख्या दोन गोष्टी आणि सुधारण्यासारखी एक, अशा तीन ओळी लिहायच्या होत्या.

मुलांना यात गंमत वाटते, आणि ते मी पाहिले आहे. छडी आता कोणी ठेवत नाही. जुन्या गाण्यांत ती अजून आहे, पण म्हणणाऱ्यांच्या ध्यानात नसते. शिक्षेचे खाते सांभाळणाऱ्या नोकराचे मात्र अलीकडे मोठे प्रकरण झाले. यान स्खेंकमन नावाच्या शाळामास्तरांनी १८५० साली मुलांसाठी एक सचित्र पुस्तक काढले. सिंटरक्लासची आगबोट आणि त्याच्यासोबतचा काळा नोकर या दोन्ही गोष्टी त्यातून रूढ झाल्या. हा नोकर म्हणजे झ्वार्ते पीट. सुरीनामसारख्या डच वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली १८६३ साली, म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा ती चालूच होती. दीड शतकाहून अधिक काळ गोरी माणसे चेहरा काळा रंगवून, कुरळ्या केसांचा टोप आणि कानांत सोनेरी कड्या घालून पीट होत राहिली. २०११ नंतर विरोधाची धार वाढली, कज्जे झाले, मिरवणुकांत धक्काबुक्की झाली, आणि २०१९पासून देशभर दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मुख्य मिरवणुकीत पीटच्या गालांवर धुराड्यातल्या काजळीचे नुसते ओरखडे राहिले. आमच्या मुलांच्या सणात राजकारण आणू नका, असे म्हणणाऱ्या डच लोकांची हळहळ मला खोटी वाटत नाही. पण संताच्या हाताला शिक्षेचा डाग लागू नये म्हणून तो डाग कोणाच्या तरी चेहऱ्यावर लावला गेला होता, हे त्या सणात पहिल्यापासूनच होते आणि ज्यांच्यासारखा तो चेहरा रंगवला जात होता त्यांना ते दिसायचे राहिले नव्हते.

आता न्यूयॉर्क. हे शहर मुळात डचांनी वसवले, त्यामुळे डच वसाहतवाले आपला सिंटरक्लास बरोबर घेऊन आले आणि तोच पुढे सांताक्लॉज झाला, असे सरसकट सांगितले जाते. प्रत्यक्षात तो बराचसा एकोणिसाव्या शतकात, ठरवून, जुन्या घराण्यांच्या आठवणींना फुंकर घालत घडवला गेला. जॉन पिंटार्ड हे व्यापारी आणि न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीचे संस्थापक यात पुढे होते. वॉशिंग्टन अर्व्हिंग यांनी १८०९ साली न्यूयॉर्कचा जो विडंबनात्मक इतिहास छापला, त्यात निकोलसला त्यांनी डच शहराचा लाडका संत करून टाकले. ६ डिसेंबर १८१० रोजी सोसायटीने त्याच्या नावाने मेजवानी केली आणि पिंटार्डनी एक चित्र छापून वाटले : एका बाजूला बिशपच्या वेषातला निकोलस, दुसऱ्या बाजूला चुलाण्यावर टांगलेले मोजे, एक खूश झालेली मुलगी आणि एक छडी मिळालेला रडका मुलगा. यान स्टेनच्याच खोलीतली माणसे.

पिंटार्ड आणि त्यांच्या वर्तुळातल्या श्रीमंतांना या संताची गरज का वाटली, हे समजून घ्यायला त्या वेळच्या न्यूयॉर्कचा नाताळ कसा होता ते पाहावे लागते. तो घरातला सण नव्हताच. काम थंडावलेल्या त्या दिवसांत मजूर, खलाशी आणि उनाड तरुण रस्त्यावर उतरत, पत्र्याची भांडी बडवत, बंदुकीचे बार काढत आणि श्रीमंतांच्या दारांवर थापा मारून दारू व खाणे मागत. या दांडगाईच्या मुळाशी इंग्लंडमधली जुनी रीत होती : वर्षातून एकदा गरिबांनी धन्याच्या दारी गाणी म्हणत जायचे आणि धन्याने उत्तम ते त्यांना वाढायचे. खेड्यात धनी आणि कुळे एकमेकांना ओळखत असत. वाढत्या शहरात दारावर थाप मारणारा अनोळखी होता आणि दार उघडायची भीती वाटत होती. मग सण दाराच्या आत घेतला गेला. द्यायचे ते दारावरच्या गरिबाला नव्हे, तर आपल्याच घरातल्या मुलाला. माझ्या मते निकोलसच्या गोष्टीचे आतडे इथे बदलले. पाताऱ्यातल्या शेजाऱ्याच्या मुलींना गरज होती. स्वतःच्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या मुलाला कशाच्या आधाराने द्यायचे? गरज हा आधार गेला की योग्यता हा आधार शोधावा लागतो, आणि योग्यता म्हटली की वही आलीच.

पण गंमत अशी, की ज्या कवितेने आजचा सांताक्लॉज घडवला तिने ही वही बाजूला ठेवली. १८२१ साली न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठी निघालेल्या एका छोट्या सचित्र पुस्तिकेत तो प्रथमच हरणाच्या घसरगाडीतून आणि नाताळच्या आदल्या रात्री आला, परंतु तिच्या शेवटच्या कडव्यात वाईट मुलांच्या आईबापांसाठी तो काळी, लांब छडी ठेवून जातो आणि वर देवाच्या आज्ञेचा दाखला देतो. दोनच वर्षांनी, २३ डिसेंबर १८२३ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली. ती आपली असल्याचे हिब्रूचे अभ्यासक आणि मोठे जमीनदार क्लेमेंट मूर यांनी पुढे जाहीर केले; ती त्यांची नव्हेच, असे म्हणणारेही आहेत. तिच्यात आठ हरणे आहेत, धुराडे आहे, हसताना थुलथुलणारे पोट आहे. छडी नाही. कोण कसे वागले याचा उल्लेखसुद्धा नाही. कवितेतला बाप रात्री आवाजाने जागा होतो, खिडकीशी जातो, मग त्या बुटक्या म्हाताऱ्याला घरात पाहतो आणि त्याच्या लक्षात येते, की याच्यापासून भिण्यासारखे काही नाही. जागा राहिलेला बाप आणि रात्री आलेला दाता यांच्या पाताऱ्यातल्या भेटीच्या इतके जवळ दुसरे काहीच आलेले नाही, फक्त या बापाला कशाचीच ददात नाही.

वही परत आणली थॉमस नॅस्ट यांनी. जर्मनीतल्या लांडाऊ गावी १८४० साली जन्मलेले नॅस्ट लहानपणी अमेरिकेत आले आणि राजकीय व्यंगचित्रकार म्हणून गाजले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, जानेवारी १८६३च्या ‘हार्पर्स वीकली’त त्यांनी सांताला उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत, तारे आणि पट्टे असलेल्या कपड्यांत उतरवले. पुढची वीसेक वर्षे ते त्याला काढत राहिले. उत्तर ध्रुवावरचे घर, खेळण्यांचा कारखाना, केसाळ कडांचा पेहराव आणि गोलमटोल देह हे सारे त्यांच्या कुंचल्यातून स्थिर झाले. १८६६च्या मोठ्या चित्रात सांता मुलांच्या वागणुकीची नोंदवही राखताना दिसतो. आणि १८७१च्या एका चित्रात तो टपाल वाचत बसला आहे. एका बाजूला चांगल्या मुलांच्या पालकांच्या पत्रांचा लहानसा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला वाईट मुलांच्या पालकांच्या पत्रांची चळत, पहिल्याच्या कितीतरी पट उंच. पत्रे पालकांची आहेत, मुलांची नाहीत, हे नॅस्टनी अचूक टिपले. आम्स्टलफेनच्या अर्जातल्या तीन ओळी त्याच चळतीतल्या.

कोका-कोलाच्या जाहिरातींनी सांताला लाल केले, हे लोक मोठ्या खात्रीने सांगतात. हॅडन संडब्लोम यांनी ती चित्रे १९३१ साली काढायला घेतली तेव्हा लाल कोट नॅस्टच्या वेळेपासून चालत आलेला होता, त्यांनी तो जगभर पोहोचवला इतकेच. सांता म्हणजे मुळात नॉर्स देव ओडिन, किंवा सायबेरियातला लाल अळंबी खाणारा शामान म्हणजे मांत्रिक, ही मतेही दर डिसेंबरात नव्याने फिरतात. दाढी आणि घोडा तर अर्ध्या जगाच्या देवांना आहे. ओडिनपासून निकोलसपर्यंत पोहोचवणारा सलग धागा कोणी दाखवलेला नाही, आणि मुळाला जितके जुने व जितके रानटी ठरवावे तितके ते खरे, या समजुतीचा मला कंटाळा आहे.

इतर ठिकाणी शिक्षेचे काय झाले, हे थोडक्यात सांगता येईल. इटलीत ५ जानेवारीच्या रात्री बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते आणि खोडकर मुलांच्या मोज्यात कोळसा टाकते. स्पेनमध्ये त्याच रात्री तीन राजे येतात. दोन्ही देशांत तो कोळसा आता मिठाईच्या दुकानात विकत मिळतो, कारण तो काळ्या रंगाच्या साखरेचा असतो.

फ्रान्समध्ये एकदा भेट देणाऱ्यालाच शिक्षा झाली. २३ डिसेंबर १९५१ रोजी दीजाँ शहरात, कॅथीड्रलच्या कठड्याला पेर नोएलचा, म्हणजे फ्रेंच सांताक्लॉजचा, पुतळा फाशी दिल्यासारखा टांगून धर्मगुरूंच्या संमतीने जाळण्यात आला, आणि ते पाहायला चर्चशी संलग्न मंडळांतली काही शे मुले जमवली होती. आरोप असा, की या पाखंडी म्हाताऱ्याने नाताळमधून येशूला हुसकावून लावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नगरपालिकेने त्याला आपल्या इमारतीच्या छपरावर, दिव्यांच्या झोतात, पुन्हा जिवंत करून दाखवले. त्या शहराचे महापौर फेलीक्स कीर स्वतः पाद्री होते, आणि त्यांनी या भांडणात पडायचे टाळले. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी यावर पुढच्याच वर्षी दीर्घ लेख लिहिला. जाळणाऱ्यांना तो अमेरिकेतून आलेला परका वाटला. आपल्याच एका बिशपचा तो वंशज आहे, हे त्या गडबडीत कोणी बोलल्याचे दिसत नाही.

आपल्या बाजूला सांता उशिरा आला. गोव्यात पोर्तुगीज वळणाच्या कुटुंबांत महत्त्व बाळ येशूचे आणि तीन राजांचे होते. ६ जानेवारीला रेइश मागुश, कुएली आणि चांदर इथे राजांचा सण आजही होतो. नाताळचे देणे तिथे ताटातून चालते. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आणि कुळकुळे यांचे ताट विणलेल्या रुमालाने झाकून शेजारी पाठवायचे, मग शेजारी हिंदू असो की ख्रिस्ती, आणि चवथ-दिवाळीला तिकडून फराळाचे ताट यायचे. यात गुप्तता मुळीच नाही. कोणाकडून काय आले याची नोंद प्रत्येक घरच्या बाईच्या डोक्यात चोख असते आणि ताट रिकामे परत करायचे नसते. हाही हिशेबच आहे, पण तो मोठ्यांनी मोठ्यांशी ठेवलेला, आणि मूल त्यात फक्त ताट पोहोचवणारे. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत हल्ली २४ डिसेंबरच्या संध्याकाळी समितीतलेच कोणी काका कापसाची दाढी लावून येतात. आईवडिलांनी दुपारीच कार्यालयात नाव लिहून दिलेली पुडकी ते वाटतात आणि पुडक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत पाहून म्हणतात, “यंदा मात्र भाजी खायची हं!” नॅस्ट यांच्या चळतीला आमचाही हातभार लागला आहे.

मायऱ्याचे नाव आज देम्रे आहे. तिथल्या चर्चमध्ये फोडलेली एक शवपेटी दाखवतात आणि ती निकोलसची होती असे सांगतात. ऑर्थोडॉक्स पंथातले, त्यांतही रशियन, भाविक तिला हात लावायला रांगा लावतात. तुर्की मुलांना नोएल बाबा माहीत आहे, पण तो ३१ डिसेंबरच्या रात्री येतो, लाल कोट घालतो, आणि ही पाश्चात्त्यांची परकी चाल आहे असे म्हणून त्याच्याविरुद्ध दरवर्षी कोणी ना कोणी पत्रक काढते. २०००च्या सुमारास रशियाकडून भेट आलेला बिशप निकोलसचा काशाचा पुतळा देम्रेच्या चौकात उभा करण्यात आला होता. २००५ साली नगरपालिकेने तो हलवून त्या जागी प्लास्टिकचा लाल सांताक्लॉज बसवला, कारण येणाऱ्या पर्यटकांना ओळखता येतो तो हाच. रशियनांनी तक्रार केली, आणि बिशपला चर्चजवळ जागा मिळाली.